शहाळ्यात भिंती का नसतात

अकरावीला पेशी विभाजन शिकवताना दर वर्षी तेच होतं. प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज हे विभाजनाचे टप्पे पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, आकृत्याही झकास काढतात, गुणसूत्रं लाल पेन्सिलीने, धागे निळ्या. आणि मग मी विचारते की बरं, केंद्रकं दोन झाली, आता पेशीचे दोन तुकडे कसे झाले ते सांगा. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटतं, मॅडम ते टेलोफेजमध्ये होतात. होतात म्हणजे? आपोआप होतात? कोण करतं, कुठून कापायचं कोण ठरवतं, कशाने कापतं? तर ते काही माहीत नसतं कारण ते कोणी विचारतच नाही, पेपरात दोन मार्काला आलं तर आलं.

पोरांचा दोष नाही म्हणा. दहावीच्या पुस्तकात प्रकलविभाजन आणि परिकलविभाजन अशी दोन नावं येतात, पहिल्याला चार टप्पे आणि साग्रसंगीत आकृत्या, दुसऱ्याला शेवटी एक छोटा परिच्छेद. पहिलं केंद्रकाचं विभाजन, दुसरं अख्ख्या पेशीचं. या दुसऱ्याला वर्गात आम्ही सगळे सायटोकायनेसिसच म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहितेय. आणि हा पंक्तिप्रपंच आजचा नाही. वॉल्थर फ्लेमिंगने जर्मनीत कील शहरात बसून सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवल्या आणि १८८२ साली त्यावर जाडजूड पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्या रंगाने धरलं ते गुणसूत्रांनाच. बाकीची पेशी फिकट. जे रंगलं ते दिसलं, जे दिसलं त्याला नावं मिळाली, आणि तीच नावं आपण अजून पाठ करतोय.

हे तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर कांद्याच्या मुळांचं प्रॅक्टिकल आठवा. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बूड पाण्याला टेकेल असा, मुळं सुटली की सकाळी सकाळी टोकं कापायची, एक भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि तीन भाग अल्कोहोलमध्ये टाकायची. मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये जरा गरम करायची म्हणजे पेशी एकमेकींना सोडतात, मग अ‍ॅसिटोकार्मीन, मग कव्हरस्लिप, वर ब्लॉटिंग पेपर आणि अंगठ्याने दाब. (दाब सरळ खाली द्यायचा, अंगठा फिरवला की सगळ्या पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया. हे मी ओरडून ओरडून सांगते तरी अर्धा वर्ग अंगठा फिरवतोच.) मायक्रोस्कोपखाली काय दिसतं? बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या, मधेच एखादी लालभडक गुणसूत्रांचा गुंता घेऊन बसलेली, आणि नशीब असेल तर एक अशी जिच्या दोन टोकांना दोन लाल पुंजके आहेत. पोरं म्हणतात टेलोफेज सापडला, काढ चित्र, संपलं.

थांबा की जरा. ४०चं लेन्स लावा, खालचा डायाफ्राम थोडा बंद करा म्हणजे उजेड कमी होऊन कडा उठून दिसतात, आणि त्या दोन पुंजक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत बघा. तिथे एक बारीक, जवळजवळ रंगहीन रेघ असते, कधी मधोमध अर्धवटच, दोन्ही बाजूंच्या भिंतींना अजून न टेकलेली. ही पेशीपट्टिका. नवी भिंत तयार होताना सापडली आहे तुम्हाला, आणि ती मधून बाहेर वाढतेय, बाहेरून आत नाही.

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते, तिला चिमटा काढून दोन करणं शक्यच नाही, म्हणून ती आतच भिंत बांधते. गॉल्जीकडून, म्हणजे पेशीच्या पॅकिंग खात्याकडून, निघालेल्या इवल्या इवल्या पिशव्या, आत पेक्टिन आणि तत्सम माल भरलेला, सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या बारीक नळ्यांच्या, वाटेने पेशीच्या मध्यावर येतात आणि एकमेकींत विरघळून एक चकती होते. चकतीच्या कडेला नवीन पिशव्या येत राहतात, ती रुंदावत जाते आणि शेवटी जुन्या भिंतीला जाऊन भिडते. भिडते ती पण कुठेही नाही हं. केंद्रक फुटायच्याही आधी पेशीच्या कडेने सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा येतो, १९६६ साली पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट या दोघांनी गव्हाच्या पेशीत तो दाखवला, आणि विभाजन रंगात यायच्या आत तो पट्टा गायबही होतो. पण खूण राहते. पुढे भिंत बरोबर त्याच जागी येऊन टेकते. मला हे अजूनही भारी वाटतं, निशाणी पुसली गेल्यावरही जागा लक्षात राहणं.

प्राण्यांच्या पेशीत उलटं. तिथे भिंत नाही, नुसतं पातळ आवरण, त्यामुळे बाहेरून आत आवळायचं. आवरणाच्या अगदी खाली अ‍ॅक्टिनच्या तंतूंचा आणि मायोसिनचा एक पट्टा कंबरेभोवती तयार होतो आणि आवळत जातो. अ‍ॅक्टिन-मायोसिन म्हणजे आपल्या दंडाच्या स्नायूत जी काम करतात तीच दोन प्रथिनं. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी १९७७ चा प्रयोग आहे, माबुची आणि ओकुनो या जपानी जोडीने तारामाशाच्या अंड्याच्या पेशीत मायोसिनला पकडून ठेवणाऱ्या अँटिबॉडी टोचल्या. पेशी तुटायची थांबली. केंद्रकं मात्र थांबली नाहीत, ती आपली दोनाची चार, चाराची आठ होत राहिली. आज मला जे सांगायचंय ते सगळं या एका प्रयोगात आहे खरं तर. केंद्रक दोन होणं हे एक काम, पेशी दोन होणं हे दुसरं काम, आणि पहिलं झालं म्हणून दुसरं होईलच असं अजिबात नाही.

मग कुठून कापायचं हे ठरवतं कोण? गुणसूत्रं ठरवत असतील असं आपल्याला सहज वाटतं, इतका मानपान त्यांचा. हिरामोतो नावाच्या जपानी संशोधकाने १९५६ मध्ये समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिनच्या) अंड्यातून गुणसूत्रं ओढणारी सगळी यंत्रणाच सुईने शोषून घेतली, अ‍ॅनाफेजनंतर, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना गेल्यावर, आणि तरीही अंडं ठरल्या जागी दुभंगलं. म्हणजे निरोप आधीच पोचला होता.

पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग रे रॅपापोर्टचा, १९६१. अमेरिकेत मेन राज्यात समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत हा माणूस उन्हाळे काढायचा. प्राणी सँड डॉलर, म्हणजे तो चपटा गोल समुद्री जीव, ज्याचं पांढरं कवच वाळूत सापडतं. त्याचं अंडं घेतलं, काचेचा एक बारीक गोल मणी त्याच्या मधोमध दाबला, इतका की वरचं आणि खालचं आवरण एकमेकांना टेकलं आणि अंड्याचा झाला मेदूवडा. मधे भोक, भोवती पेशी. आता केंद्रक तर त्या वड्यात एकाच बाजूला आहे. पहिलं विभाजन झालं, केंद्रकं दोन झाली, त्यांच्या मधे वडा तुटला. पण वडा एकाच जागी तुटला तर दोन तुकडे होतात का? नाही होत. पलीकडची बाजू जोडलेलीच आहे, म्हणजे झाली एक वाकडी पेशी, इंग्रजी सी सारखी, दोन टोकांना दोन केंद्रकं. इथपर्यंत ठीक. आता दुसरं विभाजन. दोन्ही टोकांना एकेक केंद्रक आपापलं दुभंगलं, दोन्हीकडे अपेक्षेप्रमाणे चीर पडली, हे झाले दोन काप. आणि तिसरा काप पडला सीच्या पाठीवर, जिथे गुणसूत्रं नव्हतीच! तिथे फक्त दोन बाजूंनी आलेली तारकांची किरणं शेजारी शेजारी आली होती, तारका म्हणजे ज्या बिंदूपासून सूक्ष्मनलिका चहूकडे पसरतात ते. चार केंद्रकं, चार पेशी, हिशोब चोख. म्हणजे कापायचा निरोप सूक्ष्मनलिका देतात, गुणसूत्रं हजर असण्याची गरज नाही. एक काचेचा मणी आणि डोक्यात नीट बसलेला प्रश्न, बास. हल्लीच्या कोट्यवधींच्या मशीनवाल्या पेपरांत अशी मजा येत नाही. माझं मत आहे, भांडू नका.

तो निरोप पुढे ऱ्हो नावाच्या प्रथिनापर्यंत जातो, ते कंबरेच्या पट्ट्यात तेवढं जागं होतं आणि अ‍ॅक्टिन-मायोसिनला कामाला लावतं. यात खूप पात्रं आहेत, सगळी सांगत बसत नाही. एक सांगते कारण त्याचा मुंबईशी संबंध आहे. यीस्टची एक लांबट जात असते, ती बरोबर मधोमध दुभंगते. २०१३ मध्ये एका गटाने तिची भिंत विरघळवून, आवरणाला भोकं पाडून आतला बराचसा माल वाहून जाऊ दिला. उरला पोकळ सापळा आणि त्यात अडकलेला तो पट्टा. मग नुसतं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातलं आणि पट्टा आकसला, जिवंत पेशीत लागतो त्यापेक्षा कितीतरी कमी वेळात. म्हणजे पट्ट्यात स्वतःची ताकद आहे, भोवतीची पेशी त्याला उलट हळू चालायला लावत असते. त्या कामातले पहिले लेखक मिथिलेश मिश्रा पुढे कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले, आणि पेशी कशा तुटतात यावर तिथे काम चालतं.

पट्टा आवळला म्हणजे संपलं असं पण नाही. आवळून आवळून एक बारीक दोरीएवढा पूल उरतो, साधारण एक मायक्रॉन जाडीचा, आणि दोन्ही बहिणी त्या पुलाने जोडलेल्या तासभर, कधी जास्तही, तशाच बसून राहतात. पुलाच्या मध्यावरचा गडद ठिपका फ्लेमिंगनेच पाहिला होता, आजही त्याच्या नावाने ओळखतात. शेवटचा काप देतात ती वेगळीच प्रथिनं, एस्कॉर्ट नावाची. एचआयव्हीचा विषाणू पेशीतून बाहेर पडताना स्वतःला तोडून घ्यायला हीच प्रथिनं उसनी घेतो. आणि पुलात एखादं गुणसूत्र अडकून राहिलं असेल तर पेशी तो काप लांबणीवर टाकते, अडकलेलं सुटेपर्यंत.

आता शहाळं. मघाशी म्हटलं ना की दुसरं काम होईलच असं नाही, तर ते मुद्दाम न केल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडे रस्त्यावर कोयत्याने फोडून विकतात. नारळाच्या फुलात फलन होताना एक पुंपेशी अंड्याला मिळते, त्याचा होतो भ्रूण. दुसरी अंड्याशेजारच्या दोन ध्रुवीय केंद्रकांना मिळते, आणि त्यातून गुणसूत्रांचे तीन संच असलेलं एक केंद्रक तयार होतं, भ्रूणाच्या जेवणाची सोय करणारं. हे केंद्रक दुभंगतं, परत दुभंगतं, परत परत दुभंगतं, पण भिंत काही पडत नाही. पेशीपट्टिका नाही, पिशव्यांची चकती नाही, काही नाही. नारळाची अख्खी पोकळी म्हणजे एक द्रव आणि त्यात सुटी तरंगणारी हजारो केंद्रकं. हे आपलं शहाळ्याचं पाणी. स्ट्रॉ घालून आपण जे पितो ते सायटोकायनेसिस पुढे ढकललेलं एक भलंमोठं प्रकरण आहे.

शहाळेवाला विचारतो ना, पाणीवाला देऊ का मलईवाला? तर तो नकळत हेच विचारतोय की भिंती पडायच्या आधीचा हवा का नंतरचा. नारळ काही महिन्यांचा झाला की केंद्रकं कडेला जमायला लागतात आणि मग त्यांच्या मधे भिंती पडायला सुरुवात होते, कडेकडून आत. पहिला थर म्हणजे ती बोटाने निघणारी लुसलुशीत मलई, पेशी अजून कोवळ्या, भिंती पातळ. मग थर वाढतो, पेशींत तेल भरतं, वर्षभराने ओलं खोबरं तयार. मधे उरलं ते पाणी, त्याच्या नशिबी भिंत आलीच नाही. तेच नारळ, तीच केंद्रकं, फरक फक्त विभाजनाच्या दुसऱ्या अर्ध्या कामाचा. आमच्याकडे कोणी कोवळं शहाळं फोडलं आणि नुसतं पाणी निघालं की हळहळतात, मलई नाही म्हणून. मी मनात म्हणते, थोडा धीर धरला असता तर.

आणि हे नारळाचंच असं नाही, तांदूळ-गव्हाच्या दाण्यात पण आधी नुसती केंद्रकंच वाढतात. फक्त तिथे काही दिवसांतच भिंती पडून जातात म्हणून आपल्याला कोणाला तांदळाचं पाणी प्यायला मिळत नाही.

यात एक गंमत आहे. १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक वगैरे मंडळींनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण बाटलीत वाढवायचा प्रयत्न केला, ते काही वाढेनात, नारळाचं पाणी घातल्यावर वाढले. मग स्कूग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या खोडाचा गर घेऊन बसलेल्या लोकांना दिसलं की नुसतं ऑक्सिन, म्हणजे वनस्पतींचं वाढीचं संप्रेरक, दिलं तर पेशी फुगतात, काहींत केंद्रकंही दुभंगतात, पण पेशी म्हणून तुटत नाहीत, काहीतरी कमी पडतंय. ते शोधता शोधता १९५५ मध्ये पेशी तोडायला लावणारं कायनेटिन सापडलं, तेही कशात, हेरिंग माशाच्या शुक्रपेशींच्या डीएनएत. आणि १९७४ मध्ये लेथमने नारळाच्या पाण्यातून झिअ‍ॅटिनचं एक रूप वेगळं काढून दाखवलं, त्याच कुळातलं. म्हणजे ज्या पाण्यात स्वतःच्या पेशी तुटत नाहीत, त्याच पाण्यात दुसऱ्यांच्या पेशी तोडायला लावणारं रसायन. जळगावकडची जी-नाइन केळीची टिश्यू कल्चर रोपं शेतात लावणाऱ्यांना हे माहीत असेल नसेल, पण त्या बाटल्यांत एका कोंबाचे अनेक कोंब होतात ते याच कुळातल्या रसायनांवर, फक्त आता ती कारखान्यात बनवलेली मिळतात.

प्राणीही हा खेळ करतात. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी ती बारकी चिलटं, त्यांच्या अंड्यात केंद्रकं १३ वेळा दुभंगतात, आणि मधे एकदाही पेशी तुटत नाही. सुरुवातीला एकेका फेरीला दहाएक मिनिटं लागतात फक्त. काहीशे केंद्रकं झाली की बहुतेक कडेला जातात, तिथे आणखी काही वेळा दुभंगतात, आणि सहाएक हजार झाली की मग एकदम सगळ्यांना भिंती, म्हणजे आवरणं, मिळतात.

तुमच्या-माझ्या अंगातलं उदाहरण पावसाळ्यात घरोघर चर्चेत असतं. डेंग्यू झाला की नातेवाईकांचे फोन सुरू, प्लेटलेट किती? ५० हजार? अरे बापरे, पपईच्या पानांचा रस दे (तो वाद इथे नको). तर प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसतेच, तिला केंद्रकच नाही. हाडांच्या मगजात मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे ते सुटलेले तुकडे. आणि या पेशी अवाढव्य होतात कशा, तर विभाजन सुरू करतात, गुणसूत्रं दुप्पट, मग कंबर आवळायची वेळ आली की काम अर्ध्यावर सोडतात. परत दुप्पट, परत सोडलं. दोन संचांच्या जागी १६, ३२, कधी ६४ संच. एवढा मोठा देह झाला की मग त्याचे हजारो तुकडे रक्तात सोडायचे. लिव्हरमध्ये पण दोन केंद्रकांच्या पेशी सर्रास असतात, हृदयाच्या स्नायूतही असतात, निरोगी माणसाच्या. रिपोर्टमध्ये असं काही वाचून गूगल करायला जाऊ नका.

पुरुषांच्या वृषणात तर तिसराच प्रकार, तिथे शेवटचा तो पूलच तोडत नाहीत. शुक्रपेशी होणाऱ्या पेशी शेवटपर्यंत पुलांनी जोडलेल्या राहतात, माल इकडून तिकडे जात राहतो. कारण अर्ध्यांकडे एक्स आहे, अर्ध्यांकडे वाय, आणि वाय वाल्यांना एक्सवरच्या जनुकांचा माल शेजाऱ्याकडूनच मिळतो.

पण हे सगळं ठरवून केलेलं. चुकून झालं तर पंचाईत. ज्या पेशीने तुटायचं होतं ती तुटली नाही, तर तिच्यात गुणसूत्रं दुप्पट आणि ती ओढणारी केंद्रंही दुप्पट, पुढच्या वेळी दोन टोकांऐवजी तीन-चार टोकांना ओढाताण. बहुतेक वेळा पी५३ नावाचं प्रथिन अशा पेशीला पुढे जाऊ देत नाही. २००५ मध्ये एका गटाने उंदराच्या स्तनाच्या पेशी घेतल्या, पी५३ नसलेल्या, औषध देऊन त्यांचं सायटोकायनेसिस अडवलं आणि दुप्पट संच झालेल्या पेशी उंदरांत टोचल्या, त्यांच्यापासून गाठी झाल्या. त्याच जातीच्या साध्या, दोन संचवाल्या पेशींपासून झाल्या नाहीत. एवढ्यावरून प्रत्येक कॅन्सर असाच होतो असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाहीये.

अडवणारं ते औषध सायटोकॅलॅसिन कुळातलं, मूळ बुरशीतून मिळालेलं, अ‍ॅक्टिनचे तंतू होऊच देत नाही. त्याचा चांगला उपयोगही आहे. किरणोत्सर्गाने किंवा एखाद्या रसायनाने गुणसूत्रांना इजा झाली का हे बघायचं असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवतात आणि सायटोकॅलॅसिन बी घालतात. ज्या पेशी नेमक्या एकदा दुभंगायला निघाल्या त्या सगळ्या दोन केंद्रकं घेऊन अडकून बसतात, न दुभंगलेल्यांपासून ओळखायला एकदम सोप्या. गुणसूत्र तुटलं असेल तर त्याचा तुकडा दोन्ही केंद्रकांच्या बाहेर एक बारीक तिसरा ठिपका होऊन राहतो. फेनेक आणि मॉर्ली यांनी १९८५ मध्ये काढलेली ही पद्धत आजही वापरतात. लॅबमधला माणूस स्लाइडवर साध्या पेशी सोडून देतो, दोन केंद्रकांच्या हजार पेशी शोधतो आणि त्यात किती जणींत तो ठिपका आहे ते मोजतो.